सुगंधाबाईचा देव आन् झिंग्याचं पानी

चिरंजीव मंजुषाले आजीचा आशीर्वाद.

आजी जित्ती हाय, हे ध्यानात हाय ना? नागपूरच्या प्रयोगशाळेत तू पान्यातला न दिसनारा फ्लोराइड शोधून काढते म्हनतात, पन दिवाळीपासून तुले आजी काही दिसली नाई. असो. माहे गुडघे जसेच्या तसे, तुही तब्येत बरी असन. (लिहून राह्यली तुही वहिनी उर्वशी, काटछाट करन, तिच्यावर भरोसा नाई.)

गावाच्या बोरिंगवर तू बसवून गेली तो निळा डबा झकास चालून राह्यला. त्यातल्या तुह्या दान्यायचा धंदा मले समजला. जुने कपडे घेऊन भांडे देनाऱ्या बाईवानी ते पान्यातला फ्लोराइड ठेवून घेतात आन् बदल्यात दुसरं बिनत्रासाचं काही सोडतात. उर्वशीच्या लेकराचे, आपल्या दिव्याचे, दुधाचे दात पडून राह्यले. नवे तरी त्या फ्लोराइडानं तुह्या भावासारखे तपकिरी येऊ नये, म्हनून मी त्या डब्याले रोज हात जोडते.

पन ते दाने कायचे, हे सांगाचं तू विसरली. शेजारची सुगंधाबाई, गळ्यात माळ, लसूनबी न खानारी, दोन महिने त्याच पान्यानं देवाले आंघोळ घालत होती आन् गंगेची गोडी हाय म्हनत होती. मंग तू फोनवर उर्वशीले सांगतलं, का दाने झिंग्याच्या टरफलाचे, वरून धातूची भुकटी. उर्वशीनं (भोळेपनानं, असं ती आपल्या मनानं लिहून राह्यली) ते बोरिंगवर सगळ्यायपुढं बोलून टाकलं. सुगंधाबाईनं भरलेली घागर तिथीच ओतली, घरी जाऊन देवाले पुन्हा आंघोळ घातली आन् चार बाया घेऊन बोरिंगपुढं बसली. डबा काढा, नाई तं उठत नाई. डबा गेला तं दिव्याचे दात गेले, म्हनून मीबी तिच्यासमोर बसली.

"सुगंधे," म्हटलं, "वैनगंगेचं पानी तुह्या देवाले चालते. तिथले झिंगे का उपास धरून राहतात?"

बाया हासल्या, ती उठून गेली. तवापासून अबोला. डबा तिथीच हाय.

तुही आजी, भागीरथा
(अंगठा उर्वशीनं लावू दिला नाई, कागद खराब होते म्हने.)

ता. क. सांगाचं नव्हतं, पन सांगते. दुपारी सारे वावरात गेले का सुगंधाबाई आपल्या मागच्या दारानं येते आन् पदराखाली डब्याच्या पान्याचा गडवा भरून नेते. तिच्याबी नातवाचे दात पडून राह्यले. काल म्हने, "भागीरथा, देवाचं पानी मी विहिरीतून आनते. पोराचं कोनाले सांगू नको." म्हनून एक लहान डबा तिच्या घरासाठी पाठव. दाने कायचे, ते सांगाचं या खेपेले आठवनीनं विसरजो.

आनखी एक. टरफलं तुमी घेता, मंग आतले झिंगे कोन खाते? ते सुकवून मले पाठव. वास येनार नाई असे घट्ट बांधजो, आन् डब्यासंग पाठवू नको.