सुगंधाचे दात

बेळगाव,
११ जानेवारी १९८४

ती. आक्कास,
मालूचा सप्रेम जयभीम.

तुझं पत्र पोचलं. इकडं थंडी लई आहे. बोरगावात आईचे गुडघे कसे आहेत ते कळव.

सुगंधाचे पुढचे दात काळे पडले म्हणून सासूबाई तुला रोज बोलतात, "आईनंच गूळ चारून पोरीचं त्वांड कुजवलं." आक्का, मनाला लावून घेऊ नकोस. दिवाळीच्या सुट्टीत तुझ्या दोघी पोरींची लाळ मी आमच्या दातांच्या दवाखान्यात तपासायला नेली होती. थोरली पटकन थुंकली. सुगंधा मात्र हटून बसली, "मोठ्यांम्होरं थुकायचं न्हाय, बाई मारत्यात." मी आधी थुंकून दाखवलं, तेव्हा कुठं हसत बाटलीत थुंकली.

लाळ म्हणजे नुसतं पाणी नव्हे. तिच्यात प्रथिनं असतात. काही जंतूंना अडवतात, काही दातावर पातळ थर धरून त्याला जपतात. एका ताटात जेवणाऱ्या बहिणींचीही लाळ सारखी नसते. तुझ्या पोरींचीही नव्हती. तेवढ्यावरून कुणाचे दात किडतील, हे आमच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनाही अजून नक्की सांगता येत नाही. गूळ कमी कर, निजताना दात घासून घे. पण सगळा दोष आईचा नसतो, एवढं सासूबाईंना वाचून दाखव.

त्यांना इथवरच वाचून दाखव. पुढचं तुझ्यापुरतं आहे.

ह्यांची तब्येत विचारलीस. बरी असेल. दसऱ्यानंतर ते उद्यमबागेतल्या कारखान्यातली नोकरी सोडून हुबळीला गेले. तिथं त्यांनी दुसरं घर केलंय. जाताना म्हणाले, "तुझा दोष न्हाय, पण मला घरात पोरं पायजेत." दिवाळीत मी एकटीच आले, तेव्हा तू काही विचारलं नाहीस. मलाही सांगवलं नाही.

दिवसभर शाळेतल्या पोरांना 'आ कर, आ कर' म्हणते. घरी आल्यावर माझंच तोंड उघडत नाही. कुणाशी बोलू? घरमालकीण तेवढी जिन्यात विचारते, "यजमानरु बंदिल्वा?" यजमान आले नाहीत का, म्हणून. मी म्हणते, येतील.

सुगंधाला घेऊन ये. वाचतील तेवढे दात वाचवते. चार दिवस राहा. सासूबाई नको म्हणाल्या तरी ये, आक्का.

आणि यापुढं पाकिटावर ह्यांचं नाव घालू नकोस. नुसतं माझं लिही. पोस्टमनला सांगून ठेवलंय.

वाट बघणारी,
तुझी मालू