दारावरची थोटी

मंगळवार, दुपार

प्रिय बाबू,
अनेक आशीर्वाद. सूनबाईचा गुडघा कसा आहे? माझं बरं चाललंय, दात सोडले तर.

तर आज आपल्या कारखान्यात आधी आल्या त्या योगाच्या बाई. चपला काढायच्या आत म्हणतात, "आजी, फादर पोचले नाहीत ना? मग मी आधी बघते!" तेवढ्यात फादर धापा टाकत दारात हजर. "बाई, ठरलं होतं काय? एकदमच बघायचं!" लहान पोरंसुद्धा बरी.

अरे, चर्चच्या आवारात हॉल आहे ना, तिथं रविवारी फादरांची मुलं जमतात आणि एरवी रोज सकाळी बाईंचा योगवर्ग. त्याच्या नव्या दारावर बसवायला नक्षीची फळी हवी होती. कशावर म्हणून दोघांचं एकमत नाही, झालं ते कबुतरावर. फादरांचा पवित्र आत्मा कबुतरासारखा उतरतो आणि बाईंच्यात कबुतराचं आसन असतं. काम कुणाला दिलं? आपल्या ठमीला. तुझ्या लेकीला. थांब, पत्राची घडी घालू नकोस, पुढं वाच.

ह्यांच्याच कारखान्यात, ह्यांच्याच पटाशीनं कोरलं पोरीनं. स्वतःच्या नावावरचं पहिलं काम. कापड काढलं आणि दोघं एकदमच पुढं वाकले. कबूतर खाली उतरतंय, पंख उघडे, छाती भरलेली, पाय आता टेकणारच. आणि उजव्या पायाला एक बोटच नाही! कारटीनं आपल्या थोटीला बघून कोरलं होतं. थोटी म्हणजे माझ्या खिडकीत दाणे टिपायला येते ती कबुतरी. तुझ्यासारखीच आहे, बोलावलं की येत नाही.

फादरांनी चष्मा पुसला. "पोरी, पवित्र आत्म्याचं बोट कुठं गेलं?"

"फादर, मला हिचंच उतरणं माहीत आहे," ठमी म्हणाली. "दुसरं कोरलं असतं तर ते खोटं झालं असतं. नको असेल तर फळी ठेवून घेते."

मी मनात म्हटलं, गेलं काम.

तर योगाच्या बाई तिथंच भुशात बसल्या, एक पाय पुढं दुमडून, दुसरा मागं लांब, छाती वर. "बघा फादर, आमचं कबूतर उडत नाही. जमिनीला धरून बसतं आणि छातीत श्वास भरतं. कमरेत साठलेली जुनी अढी सुटते. कितीतरी जण रडतात."

मी म्हटलं, "आमच्या घराण्यात अढी मानेत असते. तिला आसन आहे का?" सगळे हसले. तुझं नाव काही मी घेतलं नाही.

फादर मात्र त्या पायावरून बोट फिरवत होते. म्हणाले, जलप्रलयात नोहानं तारवातून कबूतर सोडलं. सगळीकडं पाणी, पाय टेकायला जागा नाही, म्हणून ते परत आलं. नोहानं हात बाहेर काढून त्याला आत घेतलं. पुढच्या खेपेला हिरवं पान घेऊन आलं. तिसऱ्यांदा गेलं ते आलंच नाही.

"आलंच नाही?" मी विचारलं.

"त्याला जमीन सापडली, आजी."

सापडली असेल. मी आपली चहा टाकायला उठले.

परत आले तर फादर म्हणत होते, "इतकं उडून आलेल्याचा पाय असाच असायचा. हीच लावू." बाबू, अरे, माझी छाती त्या कबुतरापेक्षा फुगली! ह्यांचं उभं आयुष्य लाकडात गेलं, पण असं कौतुक या कारखान्यानं ऐकलं नव्हतं.

"कोपऱ्यात पूर्ण नाव घाल," दोघांनी बजावलं. ठमीनं तिथल्या तिथं स्वतःचं नाव कोरलं, मग आडनाव. मधली जागा कोरी. बाई म्हणाल्या, "वडिलांचं राहिलं की!"

"त्यांना विचारल्याशिवाय नाही," म्हणाली.

पटाशी हातात धरलीस तर माझं नाव लावू नकोस, असं तूच म्हणाला होतास ना? पोरीनं शब्द पाळलाय. तुझ्याच वळणावर गेलीय.

मी काही तुला ये म्हणत नाही. खिडकी उघडी असते ती थोटीसाठी.

तुझी,
फुगलेली आई

फळी न्यायला दोघं पुढच्या शनिवारी सकाळी येतो म्हणालेत.