उकडलेलं बियाणं

कुरखेडा,
२४ जून

प्रिय कमळे,

तुला आणि घरच्या सगळ्यांना आशीर्वाद.

सुट्टीत कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातून आपण घरी यायचो, तेव्हा आई आपल्याला उखळाजवळ बसवायची, डोळे मिटायला लावायची आणि दाताखाली धानाचा दाणा द्यायची. "चावा. कच्चं का उकडलं?" कच्चा दाणा भुगा व्हायचा, उकडलेला काचेसारखा कट्टकन तुटायचा. तू डोळे किलकिले करून बघायचीस. तुझी ती लबाडी काल दिवसभर आठवत होती.

इथे ठीक आहे. बायकांच्या गटाची गिरणी चालू आहे, आमचा उकडा तांदूळ गडचिरोलीच्या बाजारात जातो. पाऊसही बरा आहे.

फक्त रुखमाने धानाच्या रोपांसाठी टाकलेले पऱ्हे उगवले नाहीत. नवऱ्यामागे एकटीने धानाच्या दोन बांध्या कसणारी आमच्या गटातली रुखमा, तुला आठवत असेल. मे महिन्यात तिने चिन्नोर धानाचं बियाणं गिरणीसमोर उन्हात टाकलं होतं. शेजारीच आमचं उकडलेलं धान वाळत होतं. वाळल्यावर दोन्ही सारखीच दिसतात. पोती बदलली. तिने उकडलेलं धान पेरलं आणि तिचं बियाणं आम्ही भरडून विकलं.

काल ती कुजलेले दाणे ओंजळीत घेऊन आली. "मी पऱ्हे टाकले का भात शिजवला वं?" बायका हसल्या, तीही हसली. मग तिथेच मटकन खाली बसली.

"काऊन वं पुनम," गटातली इतवारी गरजली, "वाळवणावर तूच होती ना? बारावी शिकली, अन् कच्चं-उकडलं समजत नाई तुले?"

"मी पोते नाई शिवले, काकू."

"मंग काय भुतानं शिवले?"

पोरगी माझ्याकडे बघत राहिली. मी कोंडा चाळत होते. चाळतच राहिले.

कमळे, पोती मी शिवली होती. दाणा चावल्याशिवाय पोतं शिवायचं नाही, हा नियमही माझाच. त्या दिवशी चावला का? आठवत नाही. मागे एकदा धान चुलीवर ठेवून मी घरी निघून गेले. हंडा जळला, तो पुनमने घासून ठेवला आणि कुणाला बोलली नाही. परवा गिरणीची किल्ली मुठीत धरून मी तीच किल्ली शोधत होते. शाळेत पाठांतराचं बक्षीस दरवर्षी माझंच असायचं ना गं? डॉक्टरांनी नागपूरला तपासून यायला सांगितलंय. फोनवर तुला सांगायला जाते आणि पाऊसपाण्याचं बोलत बसते, म्हणून हे पत्र.

उद्याच्या बैठकीत पुनमला गटातून काढायचं चाललंय. त्याआधी मी उभी राहून सगळं सांगणार आहे. तिला सोबत घेऊनच जाईन, म्हणजे वाटेत विसरणार नाही.

रुखमाचा भाऊ श्रावण हे पत्र घेऊन पोंभुर्ण्याला येतोय. तुझं पेरून उरलेलं चिन्नोर त्याच्याच हाती पाठव. ते रुखमाला. लगेच टाकलं तर अजून साधेल. पण आधी दाणा चावून बघ, आणि या वेळी डोळे उघडे ठेव.

गिरणीची किल्ली पुनमला. पोतं शिवण्याआधी चावून बघायचं कामही आता तिचंच. आईचं मुसळ तुला.

आणि मला एवढंच दे: मी फोनवर हेच सगळं पुन्हा सांगू लागले, तर पहिल्यांदाच ऐकतेस असं ऐक.

तुझी,
ताई