सदतिसावं घर

कीथली, यॉर्कशायर
२ मे १९९१

प्रिय जिलियन,

तू बरी आहेस ना, घरची सगळी ठीक ना, असं विचारून सुरुवात करायची पद्धत आहे, म्हणून विचारतो. वडील जाऊन दोन महिनेही झाले नाहीत, तेव्हा बरं कोण असतं हे मलाही कळतं. फुलं मिळाल्याचं तुझं कार्ड पोचलं. क्लिफच्या दफनाला मी आलो नाही. कंबरेचं हाड मला गाडीत तासभर बसू देत नाही, आणि ग्रिम्सबी काही जवळ नाही. एनिडकाकू एकटी यायला निघाली होती, मीच नको म्हटलं. ती त्यावरून अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

इकडे थंडी अजून हटलेली नाही. मी एकोणसत्तर वर्षांचा झालो. रेल्वेच्या सिग्नल-केबिनमध्ये जन्म गेला, आता जेवणाच्या टेबलावर आपल्या स्केलबेक घराण्याच्या कार्डांच्या पेट्या मांडून बसतो. एनिड येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "आमच्याकडे टेबलावर स्केलबेक जेवतात आणि आम्ही दोघं मांडीवर ताट घेऊन." बाई खोटं बोलत नाही.

आपल्या आडनावाचं मी काय करत बसलो आहे हे तुला क्लिफने सांगितलं असेल, आणि चांगल्या शब्दांत सांगितलं नसेल. स्केलबेक नावाचा माणूस या देशात जिथे कुठे जन्मला, लग्न केलं, मेला, त्याचं एक कार्ड. लंडनच्या नोंदणी कचेरीत जन्माचे ग्रंथ लाल, लग्नाचे हिरवे आणि मरणाचे काळे. एकेक ग्रंथ लहान मुलाइतका जड. ते उचलून उचलूनच माझी कंबर गेली असं डॉक्टर म्हणतो. शिवाय दरवर्षी देशभरातली टेलिफोनची पुस्तकं चाळून किती घरं उरली ते मोजायचं. फार नाहीत. सगळे मिळून दोन बसमध्ये मावतील. निम्मे अजून हॅरकडेलच्या खोऱ्यात आणि शेजारच्या गावांत, काही लँकेशायरच्या गिरण्यांच्या मागे गेलेले, आठ-दहा बॅरोच्या गोदीत. दक्षिणेला तर कुणाला हे नाव ऐकूनही माहीत नाही.

आता मुद्द्यावर येतो. आपण हॅरकडेलच्या जुन्या शेतकरी घराण्यातले, चारशे वर्षं त्या जमिनीवर नांदलेले, असं मी सगळ्यांना सांगत आलो. तिथल्या कोठाराच्या भिंतीवर बारा वर्षांपूर्वी सगळ्यांनी मिळून पाटीसुद्धा लावली. ते चूक निघालं. नुकतंच मला चर्चच्या जुन्या कागदांत एक नोंद सापडली, तिची प्रत सोबत पाठवतो. १६९७च्या फेब्रुवारीत ओढ्याच्या काठी गोणपाटात गुंडाळलेलं एक मूल सापडलं. आईबाप कोण, पत्ता नाही. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे गावच्या पंचांनी त्याला जिथे सापडलं त्या ओढ्याचं नाव दिलं आणि एका विधवेकडे वाढवायला ठेवलं. ओढ्याचं नाव स्केलबेक. मी उलटसुलट तपासून पाहिलं. त्याच्या आधी या नावाचा माणूस कुठेच नाही, आणि आपण सगळे त्याचेच.

म्हणून तुला लिहितो आहे. तुझं कार्ड करावं म्हणतो. तुझी जन्मतारीख, लग्नाचं, मुलांचं, जे सांगावंसं वाटेल ते कळव. इतकी वर्षं ते झालं नाही याला कारणं होती, ती आता उरली नाहीत.

तुझा
विल्फ्रेडकाका


कीथली
२३ मे १९९१

प्रिय जिलियन,

तुझं पत्र सोमवारी आलं. तीन ओळींचं. "प्रतीच्या मागे दप्तरखान्याचा शिक्का आहे. त्यावर १४ ऑक्टोबर १९९० अशी तारीख आहे. बाबा ९ मार्चला गेले." खाली नुसती सही. तू नर्स आहेस, कागदाची मागची बाजू बघायची सवय असणार. मी इतकी वर्षं लोकांच्या कागदांवरच्या तारखा तपासल्या आणि आपल्याच हातातला शिक्का पाहिला नाही.

तीन दिवस उत्तर लिहून फाडत होतो. चौथ्या दिवशी एनिडने टोपलीतले तुकडे बघून विचारलं, मग तिला तुझं पत्र दाखवलं. तिने चष्मा लावला, वाचलं, परत माझ्यापुढे ठेवलं. "ऑक्टोबर," ती म्हणाली, "आणि मला तू एप्रिलमध्ये सांगितलंस." मग ती बागेत गेली.

तर ऐक. मला ते ऑक्टोबरमध्येच कळलं. 'नुकतंच' हे मी खोटं लिहिलं.

एकसष्टचा नाताळ तुला आठवतो की नाही मला माहीत नाही. आठवत नसावा अशी माझी इच्छा आहे, पण इच्छेला कोण विचारतो. तू आठ वर्षांची होतीस. आईच्या घरी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, मी भिंतीला लावायच्या कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर काढलेली सगळ्या घराण्याची वंशावळ जमिनीवर पसरली होती. मला फार अभिमान होता तिचा. सगळी पोरं गुडघ्यांवर बसून आपापली नावं शोधत होती. तू बोट लावत लावत क्लिफ आणि नोरापर्यंत आलीस आणि त्यांच्या खाली कागद कोरा होता. तू मला विचारलंस, "आणि मी कुठे आहे?"

मी म्हटलं, "पोरी, ही रक्ताच्या माणसांची यादी आहे. तू यात नसतेस."

मी ते रागाने म्हटलं नाही. नियम समजावून सांगावा तसं म्हटलं, आणि त्यामुळे ते आणखी वाईट झालं असं एनिड म्हणते. तू रडली नाहीस. क्लिफने तुला कोट घातला, एकेक बटण सावकाश लावलं, आणि तुम्ही तिघं निघून गेलात. त्यानंतर तीस वर्षं नाताळची कार्डं तेवढी येत-जात राहिली, तीही बायकांनी लिहिलेली.

नियम माझाच होता. दत्तक आलेले, सावत्र बापाचं नाव लावलेले, अशांसाठी माझ्याकडे बुटांचं एक वेगळं खोकं आहे. एकोणीस जण आहेत त्यात. तू त्यातही नाहीस. तुझं कार्ड केलं असतं तर क्लिफशी भांडण का झालं तेही लिहावं लागलं असतं. तू लग्नानंतरही हेच नाव ठेवलंस हे मला बारा वर्षांपासून माहीत आहे. ग्रिम्सबीच्या टेलिफोनच्या पुस्तकात स्केलबेक, जे. असं छापलेलं असतं. दरवर्षी मी तिथे यायचो आणि बोट पुढे सरकवायचो. दरवर्षी एक घर कमी जाहीर करायचो. गेल्या वर्षी छत्तीस म्हटलं. मोजून सदतीस होती.

मग ऑक्टोबरमध्ये तो गोणपाटातला पोरगा निघाला. त्या दप्तरखान्यात बसल्याजागी मला समजलं की ज्या रक्तासाठी मी भावाला गमावलं ते रक्त मुळात कुठलंच नव्हतं. गावाने उचलून नाव दिलेलं एक मूल, त्यावरून आपण सगळे. म्हणजे तू क्लिफकडे दत्तक आलीस तसाच आपला मूळपुरुष आला. त्याच दिवशी क्लिफला लिहायला हवं होतं. पण लिहिलं असतं तर तीस वर्षांचा माझा सगळा हट्ट फुकट होता असं कबूल करावं लागलं असतं, आणि तेही धाकट्या भावापुढे. मी प्रत पाकिटात घातली आणि पाकीट पेटीच्या तळाशी ठेवलं. वसंतात बघू म्हटलं. तो आजारी आहे याची मला कल्पना नव्हती.

थकलो आहे, जिलियन. बहाणे करायचाही आता कंटाळा येतो. काय म्हणायचं ते म्हण, ऐकून घेईन.

विल्फ्रेडकाका


कीथली
१० जून १९९१

प्रिय जिलियन,

तुझं पोस्टकार्ड टेबलावर समोर आहे. "जे मला लिहिलंत ते सगळ्या स्केलबेकांना सांगा. याच शब्दांत. कार्डाचं नंतर बघू." तू ओरडली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

परवा शनिवारी हॅरकडेलला आपलं वार्षिक संमेलन झालं. चॅपलचा तोच हॉल, तेच हॅमचे सँडविच, चहाचं तेच पिंप, ज्याची तोटी दरवर्षी कुणाच्या तरी बुटावर गळते. एनिडच्या पुतण्याने गाडीतून नेलं. वाटेत दोनदा थांबून मला उभं करावं लागलं. बेचाळीस माणसं होती. चहाच्या आधी मी यादी वाचतो असा प्रघात आहे. वर्षभरात गेलेले, जन्मलेले, आणि शेवटी देशात किती घरं.

क्लिफचं नाव वाचलं तेव्हा सगळे उभे राहिले. मग ते बसल्यावर मी म्हटलं, घरं सदतीस. ग्रिम्सबीचं एक घर मी बारा वर्षं गाळत होतो, ते क्लिफच्या मुलीचं. का गाळत होतो ते तुला पत्रात लिहिलं होतं तसंच सांगितलं. एकसष्टचं वाक्यही म्हणून दाखवलं. ते मागच्या रांगेपर्यंत पोचलं नाही, दोनदा म्हणावं लागलं. मग ओढ्याकाठच्या पोराचं सांगितलं.

अर्नल्ड म्हणून एक चुलतभाऊ आहे, मेंढ्या पाळतो. भिंतीवरच्या पाटीसाठी दगड त्यानेच आणला होता. तो म्हणाला, "म्हणजे आपण कुणाचेच नाही म्हण की." चारदोन जण पुटपुटायला लागले. पुढे बेसी बसली होती, अठ्ठ्याऐंशीची आहे, तिला निम्मं ऐकू येतं. ती म्हणाली, "कुणाचे नाही कसे? त्या बाईने दूध पाजलंच ना त्याला. चहा गार होतोय, विल्फ, पुढचं वाच."

लोक हसले. मला वाटलं, सुटलो. खोटं कशाला बोलू, तिथेच थांबावं असं मनात आलं. पण तू याच शब्दांत म्हणाली होतीस. मी सांगितलं की हे मला ऑक्टोबरमध्ये कळलं होतं.

अर्नल्डला हिशेब लागायला जरा वेळ लागला. "क्लिफ तर मार्चमध्ये गेला," तो म्हणाला. "त्याला कळवलं होतंस ना?"

"नाही," मी म्हटलं.

बायकांनी कप गोळा करून धुतले. अर्नल्डने माझी काठी शोधून आणून दिली, पण दारापर्यंत सोबत आला नाही. मी हे काम सोडलं आहे. आपल्यातलीच लीड्सची फिलिपा पेट्या घेऊन जाईल. शिकलेली, समजूतदार मुलगी आहे. बुटांचं खोकं मी आधीच रिकामं केलं. एकोणीस कार्डं त्या त्या घरांत लावली. तुझं केलेलं नाही. ते तुझ्या परवानगीशिवाय होणार नाही, असं तिला सांगितलं आहे.

तुझी आज्ञा पाळली असं लिहून हे पत्र इथे संपवता आलं असतं. काल रात्रीपर्यंत तसंच ठरवलं होतं. पण एक गोष्ट मी हॉलमध्येही सांगितली नाही आणि तुलाही नाही. एनिडलाही आज सकाळीच सांगितली.

क्लिफ आजारी आहे याची मला कल्पना नव्हती असं मागच्या पत्रात लिहिलं. ते खोटं आहे. जानेवारीत त्याचं पत्र आलं होतं. तीस वर्षांत त्याच्या हातचं पहिलं. पोस्टमनकडून मीच घेतलं आणि कुणाला दाखवलं नाही. ते मूळ पत्र सोबत ठेवलं आहे. वर माझं नाव असलं तरी ते तुझंच आहे. पाकीट उघडल्यावर एकदम धक्का बसू नये, म्हणून काय आहे ते आधी इथे उतरवतो:

"विल्फ, डॉक्टर म्हणतात मी वसंत बघेन, उन्हाळा नाही. भांडण उकरायला लिहीत नाही. त्या दिवसानंतर 'मी त्यात का नाही' असं जिलियनने एकदाही विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तुझ्या त्या कागदावर तिचं नाव लिही. लिहिलंस की मला एक ओळ कळव, म्हणजे मी गेल्यावर नाही, मी असतानाच तिला सांगता येईल. क्लिफ."

त्यावर ७ जानेवारीची तारीख आहे. तो एकसष्ट दिवस जगला. रोज पोस्ट यायच्या वेळी तो काय करत असेल हे मला तू सांगू शकशील, पण मी विचारणार नाही. त्याला एक ओळ हवी होती. सांगायचं कारण माझ्या पेटीच्या तळाशी तयार होतं, पत्ता ठाऊक होता, पोस्टाची पेटी आमच्या कोपऱ्यावरच आहे. मी रोज उद्यावर ढकललं. त्याची चूक नव्हती, तुझी नव्हती, नियमाचीही नव्हती. मीच केलं ते, आणि मला त्याची फार लाज वाटते.

माफी मागतो आहे. तुझी मागता येते, त्याची आता येत नाही.

या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस तर मी वाट बघेन, आणि तक्रार करणार नाही. उत्तर न येणं कसं असतं, ते मला त्याच्याइतकं तरी कळू दे.

विल्फ्रेड