वेरोनिका निकोल करेल

ऑलिव्हर,

झावळ्यांच्या रविवारच्या मिस्साला चर्चमध्ये पुढे गेलेय, तुला उठवलं नाही. येशूचा झगा इस्त्री करून दाराला टांगलाय. दाढी आजच्या दिवस ठेव.

संध्याकाळच्या नाटकात वेरोनिकाचं काम निकोलला दिलंय. क्रूस घेऊन चाललेल्या तुझं तोंड पुसायला हात वर न्यावा लागतो, आणि माझा उजवा परवा रात्रीपासून खांद्यापर्यंतही जात नाही. फादरना सांगितलंय, बाथरूममध्ये घसरले. तूही तेच सांग.

अख्खं बाळकुम म्हणतं, येशू करावा तर ऑलिव्हरनेच, केवढा शांत माणूस. मी मान हलवते. कोणाला काय सांगणार?

नाटकात असेन मी. वाटेत रडणाऱ्या बायका असतात ना, त्यांच्यात उभी राहते. तिथे का रडतेस असं कोणी विचारत नाही.

अँजेला