आजीच्या हातचे बटण

ती. आईस, लेकीचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे. इथे थंडी फार आहे, पण कोट उबदार आहे.

आजी आल्यागेल्याच्या शर्टाची बटणे ओढते, परवा तर डॉक्टरांचीच कॉलर धरली आणि तुला मेल्याहून मेल्यासारखे झाले, असे तू लिहिलेस. आई, हा चाळा नव्हे. उभा जन्म तिने शिंप्याकडच्या कपड्यांना काज-बटण केले. लावलेले प्रत्येक बटण ती ओढून पाहायची आणि मला म्हणायची, "माझ्या हातात तुटू दे बाई, गिऱ्हाइकाच्या अंगावर नको." आपली सगळ्यांची नावे ती विसरली, ही तपासणी तेवढी उरली आहे.

म्हणून पाहुणे आले की तिला खोलीत कोंडू नकोस. बाबांचा जुना शर्ट घालून, त्याचे एक बटण सैल करून तिच्यापुढे बस. "कुणी लावलं गं हे? हात मोडले होते का?" असे ती रागावेल. रागावू दे. सुई मात्र तूच ओवून दे.

ती जेवते का? तुझी झोप होते ना?

माझ्या कोटाचे गळ्याजवळचे बटण धाग्यावर लोंबते आहे. खालीच शिंपी बसतो, तरी मी ते तसेच ठेवले आहे. मी येईन तेव्हा तिने मला ओळखले नाही, तरी तिचा हात माझ्या गळ्याशी यावा.

तुझी,
थोरली