पाचापैकी पाच

सोमवार, ३ फेब्रुवारी

प्रश्नावल्या वाटून झाल्या. एकूण चौसष्ट! नेतृत्वशैलीवर सात वर्षं पीएच.डी.चं संशोधन करणारी ही बाई आज चादरींचे गठ्ठे चुकवत फिरत होती, आणि कुणी वाट देईना. शेवटी एकीने दंडाला धरून बाजूला ओढलं. मागून ट्रॉली येत होती.

पण जागा सोन्यासारखी मिळालीय. हॉस्पिटलांच्या चादरी धुणारा कारखाना. छप्पर एक, मालक एक, पगार सारखे आणि सुपरवायझर दोन — दोन टोकांचे. धुलाईत ज्यांना सगळे फौजदार म्हणतात ते गृहस्थ. आवाज यंत्रांच्या वर, कुणाला काही विचारायची पद्धत नाही. इस्त्री-घडी विभागात मावशी. त्या रोज सकाळी सगळ्यांना गोळा करून आज काय आधी उरकायचं ते विचारतात. पुस्तकातली आकृती उठून चालू लागावी, तसं! निष्कर्ष मी मनात लिहूनही टाकलाय. आता फक्त आकड्यांनी त्याला मान डोलवायची.

सगळ्यांना शब्द दिला: फॉर्मवर नाव नको, आणि तुमची उत्तरं माझ्याशिवाय कुणी बघणार नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सासूबाईंनी विचारलं, तिथे नेमकं करतेस काय. मी नेतृत्वाच्या शैली, कामाचं समाधान, परस्परसंबंध असं बरंच सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला.

"म्हणजे साहेब कसा आहे ते हाताखालच्यांना विचारतेस. आणि ते सांगतात?"

बत्तीस वर्षं हॉस्पिटलात नोकरी, त्यातली चौदा मेट्रन म्हणून. पण संशोधनपद्धतीचा गंध नाही. मी हसून विषय बदलला.

सोमवार, १० फेब्रुवारी

काहीतरी चुकलंय.

फौजदार — पाचापैकी चार पूर्णांक नऊ. मावशी — तीन पूर्णांक दोन.

रकाने उलटे भरले असणार म्हणून दोनदा तपासलं. मग सगळे फॉर्म पुन्हा हाताने मोजले. फौजदारांच्या माणसांनी पाच-पाच-पाच असे डोळे मिटून गोल केलेत. "वरिष्ठ तुमचं मत विचारतात का?" — पाच! जो माणूस पाणी पाहिजे का हेसुद्धा ओरडून सांगतो, विचारत नाही!

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सापडलं. भीती! भीतीपोटी पाच दिलेत. सरळ आहे. आणि मावशींचे कमी का? तर त्यांच्या माणसांच्या अपेक्षा वाढल्यात. एका सकाळीत चार पानं लिहिली. आकडे माझ्या बाजूने आले असते तर म्हटलं असतं, बघा, आकडे खरं बोलतात. उलटे आले तर म्हणतेय, आकडे घाबरलेत. पडले तरी नाक वर!

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. कॉफी दिली. "डॉक्टर मॅडम" म्हणाले. अजून डॉक्टर व्हायचंय हे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. ऐकायला बरं वाटत होतं.

मग म्हणाले, काय दिसतंय तेवढं दाखवा, सविस्तर नको. मी तक्ता काढून दिला. नावं कुठे होती त्यात? फक्त विभागवार सरासरी. त्यांनी त्याचा फोटो काढून घेतला. जाताना दारापर्यंत सोडायला आले. रस्ताभर मी स्वतःवरच खूश.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज मुलाखती होत्या. एकच झाली.

धुलाईतल्या मोठ्या मशिनवरच्या काकू. मी हळूच विचारलं, फॉर्म भरताना कुणाचा दबाव होता का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच शाळेतली पोर. म्हणाल्या, दोघांपैकी एक सुपरवायझर कमी करणार ही कुणकुण जानेवारीपासून होती. मग तुम्ही कागद घेऊन आलात. डब्याच्या सुट्टीत बसून आम्ही ठरवलं, सगळ्यांनी पाचच द्यायचे.

फौजदारांनी सांगितलं होतं का? छे. ते म्हणाले होते, पटापट खरडा आणि मशिनवर या.

"तोंड घाण आहे त्याचं. पण वाफेची नळी फुटली तेव्हा आम्हाला सगळ्यांना बाहेर काढून मग तो निघाला. त्याला कसा जाऊ देऊ?"

आणि पलीकडे मावशी आपल्या माणसांना म्हणाल्या होत्या, खरं असेल तेच लिहा, नाहीतर त्या बाईंची मेहनत फुकट जाईल. माझी मेहनत! तिथल्या लोकांनी खरं लिहिलं. पंखे लावत नाहीत. विचारविनिमयात वेळ जातो. सुट्ट्यांची यादी उशिरा लागते.

काकूंनी हात पुसले आणि उठताना सांगितलं, आता मावशी जाणार. साहेब म्हणाले, मॅडमच्या कागदात तसं आलंय.

विभाग दोन, सुपरवायझर दोन. आणि मी म्हणे नावं लिहिली नव्हती!

गुरुवार, २० फेब्रुवारी

मालकांकडे गेले. सगळं सांगितलं: हे आकडे कामाचे नाहीत, ज्या विभागात मोकळेपणा आहे तिथेच तक्रार लिहायची हिंमत झाली, आणि तक्ता तुम्हाला दाखवायचा मला अधिकारच नव्हता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. कॉफीही दिली.

"पण मॅडम, आकडे तुमचेच ना?"

महिनाअखेर निर्णय आहे म्हणाले. आज मॅडमच्या आधी डॉक्टर नव्हतं.

बाहेर येऊन गाइड सरांना फोन केला. सर म्हणाले, माहिती मागे घेतलीत तर तिसऱ्या प्रकरणापासून पुन्हा सुरुवात. सात वर्षं झालीत, जरा व्यवहाराने घ्या. एक तळटीप टाका.

मावशींसाठी तळटीप.

शनिवार, २२ फेब्रुवारी

सासूबाईंना सांगितलं. त्या मटार सोलत होत्या, थांबल्या नाहीत.

"माझ्या वॉर्डात पोरी कुरकुरायच्या तोवर मी निर्धास्त असायचे. गप्प झाल्या, की मात्र फेरी वाढवायची. काहीतरी झाकलेलं असायचं."

सात वर्षं. दोनशे अकरा संदर्भ. आणि चौदा वर्षं साठ नर्सेस सांभाळलेली बाई माझ्याच स्वयंपाकघरात बसलेली. त्यांना मी एकदाही काही विचारलं नव्हतं. सगळ्यांचं मत घेण्याचं महत्त्व — प्रकरण दुसरं, पान एक्केचाळीस!

मग त्यांनी विचारलं, आता काय करणार. म्हटलं, सोमवारी जाते. त्या म्हणाल्या, उभं राहून बोल, आणि कारणं देत बसू नकोस.

सोमवार, २४ फेब्रुवारी

पाळी बदलताना गेले. दोन्ही विभागांची माणसं चादरींच्या ढिगाऱ्यांपाशी उभी होती. मालकही आले. एरवी व्यासपीठावर पाणी न पिता तासभर बोलते, इथे पहिल्याच वाक्याला पाणी मागून घेतलं.

सांगितलं. मी तुम्हाला शब्द दिला होता आणि तो मोडला. तक्ता साहेबांना दाखवला, कारण त्यांनी मला डॉक्टर म्हटलं. (इथे कुणीतरी हसलं. बरोबरच होतं.) मी सगळी माहिती मागे घेतेय. तसं पत्र मालकांच्या हातात दिलं. त्यांनी ते न वाचता घडी करून खिशात ठेवलं.

मावशी म्हणाल्या, "खरं लिहा असं मीच सांगितलं होतं. उद्या विचारलंत तरी तेच सांगेन." आवाज साधा, रोजच्यासारखा. त्यांच्या विभागातली एक मुलगी रडायला लागली. तिने पंख्यांबद्दल लिहिलं होतं.

फौजदार खांबाला टेकून उभे होते. त्यांनी एवढंच विचारलं, माझे किती आले? मी सांगितले. आणि हिचे? तेही सांगितले. मग ते आपल्या माणसांकडे बघत राहिले. काकूंनी नजर खाली घातली.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

सरांना कळवलं. त्यांनी फोन मध्येच ठेवला. सासूबाईंनी न मागता चहा दिला.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

कारखान्यातून काही निरोप नाही. फोन चार्जिंगला लावून त्याच्याकडेच बघत बसलेय. पंचेचाळिशीची बाई!

शनिवार, १ मार्च

मावशींचा फोन आला. जात कुणीच नाही. फौजदार आपण होऊन मालकांकडे गेले आणि म्हणाले, दोन्ही विभाग मावशींकडे द्या, मी मशिनवर परत जातो. वीस वर्षांपूर्वी तिथेच लागले होते. मालकांनी कारण विचारलं.

फौजदार म्हणाले, "इतकी वर्षं मला वाटत होतं, मी यांना सांभाळतोय."